शपथ मोडल्यानंतर

दारू सोडण्याची शपथ आपल्या चळवळीला नवी नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत ती आहे. पंचशीलातले पाचवे शीलही तेच सांगते. तरीही वस्तीत काम करणाऱ्या प्रत्येकाने हे पाहिलेले असते की जयंतीला शपथ घेतलेला माणूस महिन्याभरात पुन्हा गुत्त्यावर जातो आणि मग विहाराकडे फिरकत नाही. 'त्याच्यात दम नव्हता,' असे म्हणून आपण मोकळे होतो. हा निवाडा चुकीचा आहे, आणि त्यापायी आपण माणसे गमावतो.

पाचव्या शीलाची शब्दरचना बारकाईने पाहावी. तिथे मद्याला 'पमादट्ठान' म्हटले आहे. पमाद म्हणजे बेसावधपणा. दारू त्याचे ठिकाण, म्हणून वर्ज्य. या पमादाच्या विरुद्ध उभी असते ती सति, म्हणजे आपल्या आत या क्षणी काय चालले आहे याचे भान. सतिपट्ठान सुत्तात काया, वेदना, चित्त आणि धम्म अशा चार ठिकाणी हे भान राखण्याची रीत सांगितली आहे. वेदना म्हणजे इथे केवळ दुखणे नव्हे. सुखद, दुःखद वा मधली, कोणतीही जाणीव. वेदनेतून तण्हा उपजते. या दोहोंच्या मधल्या फटीत थांबता येते का, हा व्यसनी माणसाचा खरा प्रश्न आहे. आपण शील घेतले आणि सति मात्र 'रिकामटेकड्यांचे डोळे मिटणे' समजून बाजूला ठेवली.

अमेरिकेत अ‍ॅलन मार्लाट या मानसशास्त्रज्ञाने नेमका हाच धागा धरला. ज्युडिथ गॉर्डन यांच्यासह १९८५ साली त्यांनी व्यसन पुन्हा जडण्यावर ग्रंथ काढला. त्यातला एक मुद्दा आपल्या कामाचा आहे. एकदा पाय घसरला, यापेक्षा घसरल्यावर माणूस स्वतःला काय म्हणतो ते अधिक घातक ठरते. 'आता सगळेच संपले, मी असलाच,' ही शरम दुसरा पेला भरते. विहारातले टोमणे त्या शरमेत भरच घालतात.

तल्लफेला मार्लाट लाटेची उपमा देत. लाट चढते, फुटते, ओसरते. तिच्याशी झुंजू नये, तिच्यात वाहूनही जाऊ नये; ती अंगात कुठे जाणवते ते पाहत राहावे. १९९७ पासून सिॲटलच्या एका तुरुंगात विपश्यनेची शिबिरे झाली. त्यांच्या गटाने केलेल्या अभ्यासात, शिबिर केलेल्या कैद्यांचे व्यसन सुटकेनंतरच्या तीन महिन्यांत इतरांपेक्षा कमी आढळले. अर्थात शिबिर त्यांनी स्वखुशीने निवडले होते, हे विसरू नये. पुढे आठ आठवड्यांचा क्रम तयार झाला. सुरुवातीचे उपचार पुरे केलेल्या २८६ जणांवरील २०१४ च्या चाचणीत, वर्षअखेरीस हा क्रम केलेल्यांचे नशेचे दिवस इतर उपचार घेतलेल्यांपेक्षा कमी भरले.

रीत साधी आहे. कामावरून सुटल्यावर गुत्त्याच्या वळणाआधी थांबावे. घसा सुकलाय, छाती भरलीय, मुकादमाचे शब्द डोक्यात घुमताहेत, असे एकेक मनाशी नोंदवावे. काही श्वास मोजावेत. मग पाय कुठे वळवायचे ते ठरवावे. हे ऐन वेळी सुचत नाही. रोज थोडे बसून अंगवळणी पाडावे लागते.

दोन गोष्टी मात्र बजावून सांगितल्या पाहिजेत. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडली तर हात कापतात, झटके येतात, भ्रम होतो, प्राणही जाऊ शकतो. त्याला आधी दवाखान्यात न्यावे, ध्यान नंतर. दुसरे, कित्येक सफाई कामगार गटारात उतरण्याआधी पितात, कारण ती घाण शुद्धीत सोसवत नाही. अशाला 'जाणीव पाहत राहा' म्हणणे ही क्रूर थट्टा आहे. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तिथे लढा ठेकेदाराशी द्यायचा.

आणि घसरलेला माणूस विहारात आलाच, तर त्याला लगेच नवी शपथ देऊ नये. किती वाजता प्यायलास, सोबत कोण होते, त्या दिवशी मजुरी मिळाली होती का, पोटात काही होते का, एवढे आधी विचारावे.