औषध सुरू आहे, शिक्षणही सुरू राहू द्या

रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय १८८६ पासूनचे. कोकणातल्या कितीतरी घरांनी आपले माणूस तिथे नेले, बरे वाटल्यावर परत आणले, आणि मोहल्ल्यात मात्र ‘मुंबईला मामांकडे होता’ एवढेच सांगितले. लोक काय म्हणतील ही भीती आजाराइतकीच जुनी आहे.

स्किझोफ्रेनिया, बायपोलर यांसारखे आजार बहुधा ऐन तारुण्यात डोके वर काढतात, म्हणजे बारावी-कॉलेजच्याच वयात. उपचारांत वर्ष बुडते. मग घरचे ठरवतात, ‘आता शिक्षण बस झाले.’ मुलाला दुकानात बसवले जाते. मुलीचे लग्न उरकण्याची घाई होते, तेही आजार लपवून. लग्न हा इलाज नव्हे. अशा लपवालपवीत औषध बंद पडते आणि आजार उलटतो.

शिक्षणसुद्धा औषधाची जागा घेत नाही, पण आधार मोठा देते. सकाळी उठायला कारण मिळते, दिवसाला वेळापत्रक येते, चार माणसांत बसणे होते. ‘गोळी घेतलीस का?’ याखेरीज ‘आज काय शिकलास?’ हा प्रश्नही कानावर पडतो. लंडनमध्ये २००९ साली याच विचाराने ‘रिकव्हरी कॉलेज’ सुरू झाले. तिथे आजारातून गेलेली माणसे आणि तज्ज्ञ मिळून शिकवतात, आणि येणाऱ्याला रुग्ण नव्हे, विद्यार्थी म्हणतात.

आपल्याकडेही वाटा आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावी-बारावी करताना पाच वर्षांची मुदत मिळते. एका वेळी एक-दोन विषय दिले तरी चालते, उत्तीर्ण विषय जमा राहतात. पुढे पदवीसाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचाही समावेश आहे. प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के दिव्यांगत्व असेल, तर सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के राखीव जागांसाठी अर्ज करता येतो. वयोमर्यादेतही पाच वर्षांची सवलत आहे.

सुरुवात मात्र डॉक्टरांना विचारूनच करावी. काही गोळ्यांनी सकाळी गुंगी राहते. अभ्यास होत नाही म्हणून गोळी परस्पर बंद करू नये. वेळ किंवा मात्रा बदलता येईल का, हे डॉक्टर सांगतील. अभ्यास दुपारी ठेवावा, आधी अर्धा तास, मग हळूहळू वाढवावा. चुलतभावाच्या टक्क्यांशी तुलना नको. परीक्षा हुकली तर पुढच्या खेपेला द्यावी.

घरच्यांनीही थोडे शिकायला हवे. झोप उडणे, एकाएकी बोलणे तुटणे, विनाकारण संशय येणे या आजार उलटण्याच्या खुणा असू शकतात. त्या वेळीच ओळखल्या तर बरेच टळते. दुआ जरूर करावी, पण दवा चुकवू नये. आपल्या दीनने इलाज करण्यापासून कधी रोखलेले नाही. मनात शंका असेल तर सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेला १४४१६ वर फोन करावा. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालतो आणि मराठीतही बोलता येते.

आणि माळ्यावर टाकलेली ती पुस्तकांची पिशवी खाली काढून ठेवा. उघडायची कधी, ते त्याला किंवा तिला ठरवू द्या.