न मागवलेली आयात

हिंदी महासागरात सेशेल्स या छोट्या देशाची ११५ बेटे विखुरलेली आहेत. त्यांच्या नैर्ऋत्य टोकाला, राजधानीच्या माहे बेटापासून हजार किलोमीटरहून अधिक अंतरावर, अल्दाब्रा हे कंकणद्वीप आहे. तिथे गाव नाही, हॉटेल नाही, बाजार नाही. एका संशोधन केंद्रातली मोजकी माणसे आणि सुमारे एक लाख महाकाय कासवे, एवढीच तिथली वस्ती. १९८२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत असलेल्या या बेटावर मार्च २०१९ मध्ये सेशेल्समधले आणि ऑक्सफर्ड विद्यापीठातले बारा तरुण स्वयंसेवक उतरले. करवतीसारख्या धारदार चुनखडकांवरून वाट काढत त्यांनी पाच आठवड्यांत २५ टन प्लास्टिक गोळा केले. ते नुसते उचलून थांबले नाहीत. काय किती निघाले, त्याला खर्च किती आला आणि मागे किती उरले, याचा त्यांनी हिशेब मांडला. २०२० मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला.

किनारा स्वच्छतेच्या मोहिमांबद्दल आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. काहींना ते पुण्यकर्म वाटते, तर काहींना छायाचित्रापुरता उत्साह. अल्दाब्राचा हिशेब वाचला की दोन्ही मते अपुरी पडतात. २५ टनांसाठी २,२४,५३७ डॉलर खर्च झाले, म्हणजे टनामागे सुमारे ८,९०० डॉलर. तेव्हाच्या दराने हे सव्वासहा लाख रुपयांच्या आसपास जातात. एवढे करूनही बेटावर अंदाजे ५१३ टन कचरा उरला. कोणत्याही एका बेटावर नोंदला गेलेला तोवरचा तो सर्वांत मोठा साठा होता. तो हटवायला ४६.८ लाख डॉलर आणि १८,००० मनुष्य-तास लागतील, असे संशोधकांनी दाखवले. बारा माणसे रोज आठ तास राबली तरी सहा महिन्यांहून अधिक काळ लागेल, असे हे काम. संशोधकांनी या कचऱ्याला बेटांवर परवानगीवाचून लादलेली आयात म्हटले आहे, आणि मला तो शब्द नेमका वाटतो. आयात म्हटली की पाठवणारा आला, मालाचे मोल आले आणि बिलही आले. तरुणांनी बेटावर केलेल्या सफाईचे खरे मोल इथे आहे: पाठवणाऱ्याचे नाव नसलेल्या मालाचे पहिले बिल त्यांनी तयार केले.

हा माल तिथे पोहोचतो कसा, हे समजायला पदार्थविज्ञानाची थोडी उजळणी पुरते. पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन ही प्लास्टिके पाण्यापेक्षा हलकी असतात. बाटल्यांची झाकणे, क्रेट, मासेमारीचे दोर आणि बोये यांत तीच असतात. पायातली स्वस्त चप्पल ज्या फोमची बनते त्यात हवेचे असंख्य बंद कप्पे असतात, त्यामुळे पट्टा तुटला तरी तळवा वर्षानुवर्षे तरंगत राहतो. दक्षिण गोलार्धातला विषुववृत्तीय प्रवाह हिंदी महासागर पूर्वेकडून पश्चिमेकडे ओलांडतो आणि अल्दाब्रा नेमके त्याच्या वाटेवर आहे. अल्दाब्रावरच्या कचऱ्यात वजनाने ८३ टक्के वाटा मासेमारी उद्योगाचा निघाला, आणि ७ टक्के वाटा दूरवरून वाहत आलेल्या चपलांचा. उरलेल्या साठ्यात अशा सुमारे ३.६ लाख चपला असाव्यात, असा अंदाज आहे. सेशेल्सची सगळी लोकसंख्या लाख-सव्वालाख आहे.

पहिला आक्षेप इथेच येतो. समुद्र रोज नवा कचरा टाकणार असेल, तर उचलून उपयोग काय? नळ चालू ठेवून फरशी पुसण्यासारखेच नाही का हे? उपमा आकर्षक आहे, पण इथे ती लागू पडत नाही. फरशीवरचे पाणी आहे तसे राहते, किनाऱ्यावरचे प्लास्टिक राहत नाही. समुद्रात तरंगणाऱ्या वस्तूला पाणी थंड ठेवते आणि तिच्यावर शेवाळ साचून ऊन अडते. तीच वस्तू उष्ण कटिबंधातल्या वाळूवर आली की अतिनील किरणे आणि उष्णता मिळून तिच्या लांबच लांब रेणुसाखळ्या तोडू लागतात. किनाऱ्यावर वर्षे काढलेला एखादा दोर पाहा. रंग उडालेला, पृष्ठभाग खडूसारखा पांढुरका, आणि हाताने चोळला तर बारीक तंतू सुटून बोटांना चिकटतात. पुढच्या भरतीला हेच तंतू पुन्हा पाण्यात जातात, आणि आता ते कोणत्याही माणसाला वेचता येत नाहीत. म्हणजे किनारा हा सूक्ष्मप्लास्टिक तयार करणारा कारखाना आहे. जमिनीवरून समुद्रात गेलेल्या तरंगत्या प्लास्टिकपैकी किमान ७७ टक्के पाच वर्षांत किनाऱ्यावर किंवा किनाऱ्यालगतच्या पाण्यात असते, असे २०२१ मधल्या एका जागतिक प्रारूपातून दिसले. दोर हातात धरता येतो तोवर उचलला, तर त्याचे पुढचे कोट्यवधी तुकडे टळतात. शिवाय अल्दाब्राच्या वाळूत हिरवी समुद्रकासवे अंडी घालायला चढतात. १९६८ मध्ये संरक्षण मिळाल्यापासून अल्दाब्रावर त्यांची घरटी कित्येक पटींनी वाढली आहेत. पन्नास वर्षांच्या राखणीचे हे फळ जाळ्यांच्या ढिगाऱ्यात अडकू द्यायचे का, एवढाच प्रश्न उरतो.

दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे. बेटवासीयांनी आधी स्वतःचा कचरा आवरावा, मग जगाकडे बोट दाखवावे. काही बेटांच्या बाबतीत तर उत्तराची सुरुवात तिथूनच होते. इंडोनेशियातल्या बालीवर मेलाती आणि इसाबेल वाइसेन या दोन शाळकरी बहिणींनी २०१३ मध्ये प्लास्टिक पिशव्यांविरुद्ध मोहीम सुरू केली. सह्या, शाळांमधली भाषणे, किनारा सफाई असा पाठपुरावा वर्षानुवर्षे चालला, आणि डिसेंबर २०१८ मध्ये बालीच्या गव्हर्नरांनी पिशव्या, स्ट्रॉ आणि पॉलिस्टायरीनच्या डब्यांवर बंदी जाहीर केली. बालीवर माणसांची आणि पर्यटकांची दाटी आहे, त्यामुळे तिथल्या कचऱ्यावर तिथल्या कायद्याचा परिणाम होऊ शकतो. सेशेल्सनेही हात झटकलेले नाहीत. तिथल्या युवा संघटनांनी आणि पर्यावरण गटांनी आग्रह धरला, २०१७ मध्ये पिशव्या, प्लास्टिकचे पेले, ताटल्या, चमचे यांवर बंदी आली आणि २०१९ मध्ये स्ट्रॉही गेले. पण माहेतल्या दुकानातली पिशवी बंद केल्याने अल्दाब्रावरचा दोर कमी होत नाही. जिथे नव्वद टक्के ओझे जाळ्यांचे आणि परक्या चपलांचे आहे, तिथे स्थानिक बंदी आवश्यक असूनही अपुरी आहे. आणि हे ठामपणे सांगता येते, कारण कोणीतरी तो कचरा वेगळा करून तोलला.

तिसरा आक्षेप सर्वांत टोचणारा आहे. मासेमारीचा कचरा म्हणता, पण ट्यूना हाच सेशेल्सच्या अर्थव्यवस्थेचा मोठा आधार नाही का? तसेच आहे. ट्यूना म्हणजे आपल्या कोकणातला कुपा. राजधानी व्हिक्टोरिया हे या भागातले ट्यूनाचे मोठे बंदर आहे, तिथे मासे डबाबंद करण्याचा कारखाना आहे आणि परदेशी पर्ससीन नौकांना परवाने देऊन देश पैसा कमावतो. या नौका समुद्रात तरंगते सापळे सोडतात: वर तराफा, खाली लोंबणारे जुने जाळे किंवा दोर आणि सोबत उपग्रहाला ठावठिकाणा कळवणारा बोया. तराफ्याच्या सावलीला मासे जमतात आणि नौकेला शोधाशोध करावी लागत नाही. प्रवाहाबरोबर दूर गेलेला तराफा परत आणणे महाग पडते म्हणून तो सोडून दिला जातो, आणि अखेर एखाद्या प्रवाळावर किंवा पुळणीवर जाऊन अडकतो. म्हणून हे बिल सेशेल्सच्या सरकारलाही लागू आहे. पण पुरावा पुढे आला की नियम हलतात, हेही याच समुद्रात दिसले आहे. हिंदी महासागर ट्यूना आयोगाने २०१५ मध्ये नौकेमागे असे ५५० बोये ठेवण्याची मुभा दिली होती, ती २०१९ मध्ये ३०० वर आली. २०१६ पासून सेशेल्समधली एक संवर्धन संस्था आणि स्पॅनिश ट्यूना नौकामालक मिळून बेटांकडे वाहत येणारे तराफे वाटेत अडवण्याचा कार्यक्रम चालवत आहेत. ही पावले लहान आहेत, तरी दिशा बरोबर आहे. कचऱ्याचा मालक ओळखू आला की त्याला बोलावता येते.

मग पैसा कोणी द्यायचा? अल्दाब्राच्या संशोधकांनी सफाईसाठी आंतरराष्ट्रीय निधी मागितला आहे, आणि त्याच दमात नळ बंद करणाऱ्या धोरणांचीही गरज सांगितली आहे. एकाशिवाय दुसरे अपुरे आहे, हे त्यांचे म्हणणे मला पटते. स्वयंसेवकांचा घाम फुकट मिळतो म्हणून प्रदूषकाचे देणे माफ होत नाही. समुद्रात प्लास्टिक टाकायला जहाजांना आंतरराष्ट्रीय कराराने १९८८ च्या अखेरीपासून मनाई आहे, तरी किनारे भरतच आहेत. म्हणजे नुसती मनाई पुरत नाही. मोजणी आणि वसुलीही लागते. मार्च २०२२ मध्ये नैरोबीत जगातल्या देशांनी प्लास्टिकवर बंधनकारक करार करायचे ठरवले. ऑगस्ट २०२५ मधली जिनिव्हाची फेरीही मात्र सहमतीविना संपली. उत्पादनावर मर्यादा घालायची की फक्त कचरा व्यवस्थापनावर बोलायचे, या वादात वेळ जात असताना बेटांवरचे दोर मात्र रोज झिजून पाण्यात उतरत आहेत.

या हिशेबात आपणही आहोत. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रवाहांच्या प्रारूपावरून सेशेल्सला पोहोचणाऱ्या कचऱ्याचे मूळ शोधले. जमिनीवरून येणाऱ्या कचऱ्यात सर्वांत मोठा वाटा इंडोनेशियाचा निघाला, पण भारत आणि श्रीलंकेचाही वाटा त्यात आहे. आपल्या नाल्यातून समुद्रात गेलेली चप्पल हजारो किलोमीटरवरच्या निर्जन बेटावर पोहोचू शकते, हे आता अनुमानापुरते राहिलेले नाही. वर्सोव्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत महाराष्ट्रातही तरुण मंडळी किनारे साफ करतात. दरवर्षी सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी, आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता दिनी, हजारो हात कामाला लागतात. त्या हातांना एकच विनंती आहे. गोण्या ट्रकमध्ये चढवण्याआधी त्या उघडा, जाळी, पिशव्या, बाटल्या, चपला वेगळ्या करा, तोला आणि तारखेसह वहीत लिहा. ती वही नगरपालिकेला द्या, मत्स्य खात्याला द्या, गावाच्या ग्रामसभेत वाचून दाखवा. पुढच्या सफाईला जाताना हातमोज्यांबरोबर वजनकाटाही न्या.