रॅव्ह-फोर : काही रूढ समज आणि वस्तुस्थिती

टोयोटा कंपनीची ‘रॅव्ह-फोर’ १९९४ साली जपानात विक्रीस आली, तेव्हा तिची उंच ठेवण पाहून ही जुन्या जीपचीच आखूड आवृत्ती होय, असा जो ग्रह पुष्कळांनी करून घेतला, तो अद्याप समूळ गेलेला नाही. वास्तविक जीपच्या रचनेत पोलादी सांगाडा निराळा आणि त्यावर चढविलेली बॉडी निराळी. येथे मात्र दोन्ही एकजीव, इंजिन आडवे, चारही चाकांचे सस्पेन्शन स्वतंत्र आणि बरेचसे भाग कोरोलासारख्या घरगुती मोटारींचे, असा सारा जामानिमा होता.

‘स्पोर्ट’ हे बिरुद दिसले की गाडीत अधिक बळ असणारच, असे गिऱ्हाईक गृहीत धरते, आणि विक्रेताही त्याच्या भ्रमाचे निरसन करण्याच्या भरीस पडत नाही. तिसऱ्या पिढीत अमेरिकेत मिळणारे साडेतीन लिटरचे, सहा सिलिंडरांचे, २६९ अश्वशक्तीचे इंजिन हा खरोखरच बळाचा मामला होता. सहाव्या पिढीतील ‘जीआर स्पोर्ट’ची मातब्बरी मुख्यतः ताठर सस्पेन्शनमध्ये आणि वेषभूषेत आहे, तिचा लाभ वळणावर कळेल, सरळ रस्त्यावर नव्हे.

सर्वाधिक गैरसमज अर्थातच हायब्रिडविषयी आहेत. ही गाडी रात्री विजेच्या खुंटीला बांधावी लागते, हा पहिला. साध्या हायब्रिडला तशी सोयच नसते; तिच्या बॅटरीत साठणारी वीज इंजिनाकडून आणि ब्रेक लावताना एरवी उष्णतेच्या रूपाने वाया जाणाऱ्या गतीतून येते, म्हणजे अखेर सारा खर्च पेट्रोलच्याच खाती पडतो. मधल्या दंतचक्राशी जनित्र, त्याभोवती फिरणाऱ्या चक्रांच्या धारकाशी इंजिन आणि बाहेरच्या कड्याशी चाके जोडलेली, अशा एकाच ग्रहमालेतून बळाची वाटणी होत असल्यामुळे नेहमीची गिअरपेटी तेथे अनावश्यक ठरते. चारचाकी चालनाच्या हायब्रिडमध्ये मागची चाके स्वतंत्र विद्युत मोटर फिरविते. पुढून मागे जाणारा लांब दांडा नसतोच.

काटकसर आली की दुबळेपणा आलाच, हा समजही आकड्यांपुढे टिकत नाही. अमेरिकेतील २०१९ च्या गाडीत पेट्रोल इंजिनाची शक्ती २०३ अश्वशक्ती, तर हायब्रिडची एकूण २१९. तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेच्या दप्तरी हायब्रिडची नोंद शहरात गॅलनमागे ४१ मैल आणि महामार्गावर ३८ मैल अशी उलटी आहे, कारण वारंवार थांबण्यात तिला वीज परत मिळते. खुंटीला जोडावयाची ‘प्राइम’ पुढे आली, ती ३०२ अश्वशक्तीची. ताशी ९६ किलोमीटरचा वेग ती ५.७ सेकंदांत गाठते, असा कंपनीचा दावा होता.

तेव्हा ज्यांचा प्रवास प्रामुख्याने मोकळ्या महामार्गावर होतो, त्यांनी हायब्रिडचा जादा दाम मोजण्यापूर्वी हा हिशेब अवश्य करावा. अमेरिकेतील नव्या ग्राहकाला मात्र ती मुभा राहिलेली नाही, कारण सहाव्या पिढीत केवळ पेट्रोलवर चालणारी रॅव्ह-फोर तेथे विक्रीस ठेवलेलीच नाही.