आमची माय कंट्रोलर

2011 मध्ये शिरोळमधल्या एका दूध संस्थेसाठी कोडइग्नायटर या पीएचपी फ्रेमवर्कमध्ये प्रोग्राम लिहायला घेतला. दोन वेळचं संकलन, फॅट, एसएनएफ, दर दहा दिवसांचं बिल. बघता बघता चौदा कंट्रोलर झाले आणि प्रत्येकाच्या कन्स्ट्रक्टरमध्ये लॉगिन तपासणाऱ्या त्याच चार ओळी. पंधराव्यात त्या राहून गेल्या. ते पान नेमकं दरपत्रक बदलायचं! आठवडाभर ते लॉगिनशिवाय उघडत होतं. कुणाच्या लक्षात आलं नाही, हे नशीब.

तेव्हा बेस कंट्रोलरकडे, म्हणजे बाकीचे कंट्रोलर ज्याच्यापासून निघतात त्याच्याकडे वळलो. त्याच वर्षीच्या जानेवारीत आलेल्या कोडइग्नायटर 2.0 मध्ये अशा फायलींसाठी ‘कोअर’ हे फोल्डर होतं. तिथे ‘माय’ अंडरस्कोअर कंट्रोलर ठेवली की फ्रेमवर्क ती आपसूक उचलायचं. इंग्रजीत माय म्हणजे ‘माझं’, पण बाकीचे सगळे तिच्याच पोटचे, म्हणून आमच्यात ती आईच.

अडचण एवढीच, की फ्रेमवर्क ही एकच फाईल उचलतं. सचिवासाठी एक बेस आणि उत्पादकांसाठी दुसरा केला, की ‘क्लास सापडला नाही’. त्यावर तेव्हाचा सर्रास तोडगा म्हणजे कॉन्फिगच्या तळाशी पीएचपी 5 मधलं दोन अंडरस्कोअरचं ऑटोलोड फंक्शन लिहायचं. नाव ‘सीआय अंडरस्कोअर’ने सुरू होत असेल तर सोडून द्यायचं, नाहीतर कोअरमध्ये त्या नावाची फाईल शोधायची. घरी विंडोजवर झकास चाललं, सर्व्हरवर कोसळलं. फाईलच्या नावातला ‘ए’ लहान होता, क्लासच्या नावातला मोठा. विंडोजला त्याचं काही नाही, लिनक्सला आहे. हे कळायला एक रात्र गेली.

पुढे आईवरच सगळा भार टाकला. मेसेज पाठवणं, पीडीएफ, बिलाच्या तारखा, सगळं तिच्यात. नऊशे ओळी झाल्या. चूक फ्रेमवर्कची नव्हती, माझी होती. आत कोण आलं आणि त्याला परवानगी आहे का, यापलीकडे बेस कंट्रोलरने काही विचारू नये.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात संस्थेचा कॉम्प्युटर गेला, होस्टिंगवरचा प्रोग्राम वाचला. पुराने जे केलं नाही ते होस्टिंगवाल्याच्या एका अपग्रेडने केलं. जुन्या ऑटोलोडबद्दल पीएचपी 7.2 ने 2017 पासून बजावलं होतं, नोव्हेंबर 2020 च्या 8.0 मध्ये ते काढूनच टाकलं. आमचं पान उघडेना, तेही ऐन बिलाच्या दिवशी. एसपीएल ऑटोलोड रजिस्टर वापरून दहा मिनिटांत सुरू झालं. ही सोय पीएचपी 5.1 पासून, म्हणजे 2005 पासून होती. मी पहिली ओळ लिहिली त्याच्या सहा वर्षं आधीपासून!

फेब्रुवारी 2020 मध्ये आलेल्या कोडइग्नायटर 4 मध्ये ही कसरत उरली नाही. नेमस्पेस आणि फोल्डर जुळले की फाईल सापडते, आणि बेस कंट्रोलर तयारच मिळतो. संस्थेचा प्रोग्राम मात्र अजून तिसऱ्या आवृत्तीवर आहे. माय कंट्रोलर आता पासष्ट ओळींची आहे.