लायसन आहे म्हणून कमरेची बंदूक कुठेही नेता येते का?

हा आपल्या एपिसोडचा लिखित भाग. कानाला हेडफोन लावायला वेळ नसेल तर निवांत वाचा.

बार्शीतल्याच एका श्रोत्याचा मेसेज होता: "दादा, मामांकडे रिव्हॉल्व्हरचं लायसन आहे. पुढच्या महिन्यात घरात लग्न आहे. वरातीत मामा ते कमरेला लावून आले तर चालतं का? आणि मी पाच मिनिटं हातात घेऊन रील काढला तर?"

मी वकील नाही, कोड लिहिणारा माणूस आहे. पण कायदाही कोडसारखाच एकेक ओळ वाचला की कळतो. म्हणून बसलो वाचत.

आधी एक गोंधळ काढून टाकू. यूट्यूबवर 'कन्सील्ड कॅरी' शोधलं की सगळी माहिती अमेरिकेची येते. तिथे अनेक राज्यांत बंदूक लपवून बाळगायला वेगळं परमिट असतं. आपल्याकडे तसं वेगळं परमिट नाही. १९५९ चा आर्म्स अ‍ॅक्ट आणि २०१६ चे आर्म्स रूल्स, एवढ्यावर सगळं चालतं. नियम असा, की सार्वजनिक जागी हँडगन न्यायची तर ती अंगावर, होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेली आणि तुमच्या ताब्यात हवी. म्हणजे झाकून नेणं ही सवलत नाही, सक्ती आहे. शर्ट वर करून मूठ दाखवत फिरणं इथेच बाद झालं.

आता मुख्य प्रश्न: कुठे? बार्शी सोलापूर ग्रामीणमध्ये येते, त्यामुळे आपलं लायसन जिल्हाधिकारी कार्यालयातून निघतं. त्याच्यावर एक रकाना असतो, लायसन कोणत्या क्षेत्रात चालेल त्याचा. अ‍ॅपच्या परमिशनसारखंच आहे हे. कॅमेऱ्याची परवानगी दिली म्हणून माइकची मिळत नाही. समजा मामांच्या लायसनवर 'महाराष्ट्र' लिहिलंय. मग तुळजापूरच्या रस्त्याला जिल्हा बदलला तरी अडचण नाही, अक्कलकोट तर आपल्याच जिल्ह्यात. पण तीच गाडी पुढे गाणगापूरला निघाली की कर्नाटक लागतं, आणि सीमा ओलांडली की ते लायसन तिथे लागू नाही. देवदर्शनाच्या एकाच ट्रिपमध्ये माणूस नकळत गुन्ह्यात जाऊ शकतो.

पण क्षेत्र बरोबर असलं तरी काही जागा बंदच असतात. लायसनच्या अटींत स्पष्ट लिहिलेलं असतं, की जिल्हा दंडाधिकाऱ्यांची खास परवानगी नसेल तर जत्रा, धार्मिक मिरवणूक, जाहीर जमाव आणि शिक्षणसंस्थेचं आवार इथे हत्यार न्यायचं नाही. म्हणजे एकादशीला भगवंत मंदिरासमोरच्या गर्दीत नाही, गणपतीच्या मिरवणुकीत नाही. पोरीला कॉलेजातून आणायला गेलात आणि गाडी आत कंपाउंडमध्ये लावली, तर तेही आवारच. अट मोडली तर कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंड किरकोळ वाटेल, पण लायसन रद्द होण्याची टांगती तलवार वेगळीच.

काही बंदी तारखेनुसार येते. सणासुदीला, आंदोलनाच्या काळात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचे आदेश निघतात. पेपरात कोपऱ्यात चार ओळी छापून येतात आणि आपण त्या वाचत नाही. निवडणूक लागली की कोणाची हत्यारं जमा करायची हे स्क्रीनिंग कमिटी ठरवते. नोटीस आली की पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्यायची. आणि मतदानादिवशी केंद्राच्या आसपास हत्यार घेऊन जाणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे. लायसन दाखवून सुटका नाही.

विमानात केबिनमध्ये बंदूक चालत नाही. एअरलाइनला आधी सांगून, गोळ्या काढून, चेक-इनच्या सामानातूनच न्यावी लागते. आणि मॉल किंवा हॉस्पिटलच्या गेटवर "आत नको" म्हणाले तर वाद घालू नका. जागा त्यांची आहे.

आता आपल्या वरातीकडे येऊ. २०१९ च्या दुरुस्तीने आनंदाच्या भरात केलेला गोळीबार नाव घेऊन गुन्हा ठरवला. लग्न, धार्मिक स्थळ, सार्वजनिक कार्यक्रम असं कुठेही कुणाच्या जिवाला धोका होईल असा बार काढला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हवेत झाडलेली गोळी खाली येतेच की राव! आणि गोळी झाडायलाच हवी असं नाही. मुळशीत जमिनीच्या वादात पिस्तूल दाखवल्याचा व्हिडिओ २०२४ मध्ये व्हायरल झाला होता, आठवतोय? तो व्हिडिओ समोर आल्यावर गुन्हा दाखल झाला आणि अटकही झाली.

राहिला रील. मामांचं लायसन मामांच्या नावावर आहे, भाच्याच्या नाही. लायसनधारकाच्या समोर किंवा त्याच्या लेखी परवानगीने दुसऱ्याला हत्यार नेता येतं, पण तीनच कारणांसाठी: दुरुस्ती, लायसनचं नूतनीकरण किंवा खुद्द धारकाच्या वापरासाठी. 'रील' त्या यादीत नाही. विनापरवाना हत्यार बाळगण्याला आता किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आहे. आणि पुरावा तुम्ही स्वतःच अपलोड केलेला असतो, तारीख-वेळेसकट. पुढे पोलीस भरतीला, पासपोर्टला, कंपनीच्या व्हेरिफिकेशनला ती केस आडवी येते.

घरात तरी सुरक्षित का? १ ऑक्टोबर २०२४ ला अभिनेता गोविंदा पहाटे प्रवासाला निघताना स्वतःचंच लायसनचं रिव्हॉल्व्हर हातातून निसटलं आणि पायात गोळी घुसली. अनुभवी माणसाचं हे झालं, मग डीजेच्या आवाजात, नाचत्या गर्दीत काय होईल?

तर मित्रा, उत्तर असं: मामांना सांग, वरातीच्या दिवशी ते घरी कुलपात ठेवा आणि किल्ली स्वतःजवळ ठेवा. आणि आज एक काम कर. त्यांच्याकडून लायसन मागून घे, क्षेत्राचा रकाना, मुदतीची तारीख आणि छापील अटी दोघं मिळून वाचा. दहा मिनिटं लागतील. मामांनीही त्या आजवर वाचल्या नसण्याची शक्यता बरीच आहे.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. प्रश्न पाठवत राहा!