रक्तदाब मोजता, मूत्रपिंडाची खबर घेता का?

चार वर्षांपूर्वीची मे महिन्यातील दुपार. सोलापूरच्या उन्हात रस्ते ओस पडले होते. सत्तरीच्या एक आजी सुनेचा हात धरून दवाखान्यात आल्या. आयुष्यभर विड्या वळून त्यांची मान आणि खांदे आखडले होते. रक्तदाबाची गोळी नऊ वर्षांपूर्वी मीच सुरू केलेली. "पायांवर जरा सूज आहे, बाकी काही त्रास नाही," असे त्या म्हणाल्या. मी जुनी फाईल उघडली. दोन वर्षांपूर्वीच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन १.२ होते. प्रयोगशाळेने छापलेल्या मर्यादेत ते बसत होते, म्हणून शेजारी ‘ठीक’ असा शेरा होता. अक्षर माझे होते आणि चूकही माझीच होती.

ती चूक आपणही समजून घ्यावी, कारण असा ‘ठीक’ आपल्या घरच्या फाईलमध्येही असू शकतो. क्रिएटिनिन हा स्नायूंतून रक्तात येणारा टाकाऊ पदार्थ. उतारवयात स्नायू झडतात, त्यामुळे मूत्रपिंडे थकली तरी हा आकडा फारसा वाढत नाही. तिशीतल्या पुरुषात क्रिएटिनिन १.२ असेल, तर मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता साधारण ८३ निघते. सत्तर वर्षांच्या स्त्रीत त्याच १.२ ला ती जेमतेम ४९ भरते. या क्षमतेला ‘ईजीएफआर’ म्हणतात. ती तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिली, तर तो मूत्रपिंडाचा दीर्घकालीन आजार होय. म्हणून अहवालात केवळ क्रिएटिनिन न पाहता त्याशेजारी ईजीएफआर आहे का, ते पाहावे. नसल्यास डॉक्टरांना वय सांगून काढून मागावा.

रक्तदाबाचा आणि मूत्रपिंडांचा संबंध काय, असे अनेक जण विचारतात. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्या केसाहूनही बारीक रक्तवाहिन्यांच्या बनलेल्या असतात. रक्ताचा दाब वर्षानुवर्षे अधिक राहिला की या वाहिन्या जाड व कडक होतात आणि एकेक गाळणी निकामी होते. मूत्रपिंडे दुबळी झाली की शरीरात मीठ-पाणी साचते आणि रक्तदाब आणखी चढतो. हे दुष्टचक्र वेदनेविना फिरत राहते. ‘मला काही होत नाही’ हा म्हणूनच निरोगीपणाचा पुरावा मानता येत नाही.

गाळणीला पहिली इजा झाल्याची खूण बहुधा लघवीत उमटते. रक्तातील अल्ब्युमिन नावाचे प्रथिन लघवीत झिरपू लागते. लंडनच्या गायज् हॉस्पिटलमधील डॉ. रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये सूज, लघवीतील अल्ब्युमिन आणि मूत्रपिंडाचा आजार यांची सांगड घातली. चमच्यात लघवी घेऊन मेणबत्तीवर तापवली की अल्ब्युमिन गोठून दिसे. आज त्याच खुणेसाठी ‘अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर’ ही साधी तपासणी आहे. सकाळची पहिली लघवी द्यावी. ३० च्या खालचे उत्तर समाधानाचे, ३० ते ३०० सावध करणारे आणि त्यापुढचे गंभीर. ताप किंवा लघवीचा जंतुसंसर्ग असताना हा आकडा फसवू शकतो, म्हणून वाढलेला आढळल्यास पुन्हा तपासून खात्री करावी. आजींची लघवी मी नऊ वर्षांत एकदाही तपासली नव्हती. त्या दिवशी ती तपासली, तेव्हा आकडा ३०० च्या पुढे होता.

दुसरी गोष्ट सुनेने पिशवीतून काढून दाखवली: अंगदुखीच्या गोळ्यांची पट्टी. मेडिकलमधून आणलेली, रोज एक. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडांकडे जाणारा रक्तपुरवठा घटवतात. घामाने शरीर सुकलेले, वर रक्तदाबाची गोळी आणि त्यात ही गोळी, असा मेळ आपल्या उन्हाळ्यात फार सहज जमतो आणि मूत्रपिंडे अचानक बसू शकतात. खांदे-गुडघे दुखत असतील तर शेक, व्यायाम आणि डॉक्टरांना विचारूनच गोळी घ्यावी.

घरी काय करावे? रक्तदाब पाच मिनिटे शांत बसून मोजावा व वहीत लिहावा. १३०/८० च्या खाली हे बहुतेकांचे उद्दिष्ट असते. मात्र उठताना चक्कर येणाऱ्या वृद्धांसाठी ते डॉक्टरांनी ठरवावे. मीठ दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याहून कमी असावे. ज्वारीची भाकरी निर्धोक, पण तिच्यासोबतची शेंगाचटणी, लोणचे आणि पापड यांतले मीठही मोजावे. ‘कमी सोडियम’ म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असते. अशक्त मूत्रपिंडांना ते धोक्याचे असल्याने विचारल्यावाचून वापरू नये.

टेल्मिसार्टन, रामिप्रिल यांसारख्या गोळ्या रक्तदाबाबरोबर गाळण्यांवरचा ताणही कमी करतात. त्या सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासावे. बरे वाटते म्हणून त्या मनाने सोडू नयेत. जुलाब-उलट्या झाल्यास मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. पाणी किती प्यावे, हेही सूज किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी विचारूनच ठरवावे.

शेवटच्या टप्प्यावर डायलिसिसचा आधार आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत त्याचा खर्च समाविष्ट आहे. तरीही आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास यंत्राला जोडून राहणे हे रुग्णाइतकेच घरालाही थकवणारे असते.

आजींवर ती वेळ आलेली नाही. अंगदुखीची गोळी सुटली, औषध बदलले, चटणीतले मीठ सुनेने निम्मे केले. झालेली हानी भरून आली नाही, पण गेली चार वर्षे ईजीएफआर फारसा घसरलेला नाही. दोन वर्षे आधी मी लघवी तपासली असती, तर हाती अधिक उरले असते. ही खंत मला आहे.

म्हणून पुढच्या खेपेस रक्तदाबाची गोळी लिहून घ्यायला जाल, तेव्हा डॉक्टरांना दोनच प्रश्न विचारा: "माझा ईजीएफआर किती आहे? लघवीतले अल्ब्युमिन यंदा तपासले का?" डॉक्टर घाईत असले, तरी विचारा. मला कोणी विचारले असते, तर मी ‘ठीक’ लिहिले नसते.