जॉक स्कॉट (लेखांक ५) : मानेवरचे ठिपके

गेल्या आठवड्यात 'जॉक स्कॉट'चं, म्हणजे सामन मासा धरण्यासाठी गळावर बांधायच्या पिसांच्या माशीचं, अंग बांधून झालं. मागचा अर्धा भाग पिवळ्या रेशमाचा, पुढचा काळ्या रेशमाचा. आज पंखाला हात घालणार होतो, पण आंबोलीकडच्या एका वाचकांचं पत्र आलं आणि पंख आठवडाभर मागे पडला. ते विचारतात, "तुमच्या पिसांच्या यादीतला 'जंगल कॉक' म्हणजे आमच्या रानातलाच रानकोंबडा का? आणि तोच असेल, तर ऐन पावसाळ्यात त्याच्या मानेवर ते ठिपके दिसत नाहीत, ते का?"

तोच. राखी रानकोंबडा. शास्त्रीय नावात पिएर सोनेरा या फ्रेंच प्रवाशाची आठवण आहे. १७८२ मध्ये छापलेल्या त्याच्या प्रवासग्रंथात हा पक्षी आला. भारताबाहेर तो रानात कुठेच नाही. म्हणजे ट्वीड, स्पे किंवा डी या स्कॉटलंडच्या नद्यांत व्हिक्टोरियन काळात सामनपुढे नाचलेल्या प्रत्येक माशीवरचं हे पीस आपल्याकडच्या डोंगरांतून गेलेलं होतं. लॉर्ड जॉन स्कॉट यांच्या पदरी असलेल्या जॉक स्कॉटने १८५० च्या सुमारास ही माशी बांधली. तिच्यात चीनचा सोनेरी फेझंट आहे, दक्षिण अमेरिकेतले टूकन आणि मकाव आहेत, आफ्रिकेची गिनी कोंबडी आहे, आपला मोरही आहे. या सगळ्यांत माझा जीव जडला तो रानकोंबड्याच्या पिसावर.

या पिसाची घडण विलक्षण आहे. नराच्या मानेवरची पिसं लांब, काळपट. टोकाकडे पिसाचा दांडाच रुंद आणि चपटा होत जातो आणि त्याची कडक, चकचकीत, पिवळसर पांढरी पट्टी होते. हाच तो ठिपका. वितळलेल्या मेणाचा थेंब तिथे पडून गोठला असावा, तशी ती दिसते. नखाने टकटक केली तर जाणवते. डोक्याजवळची पिसं चिमुकली, पाठीकडे जावं तशी मोठी. त्यामुळे एका मानेच्या कातड्यातून सी-ट्राउट माशासाठीच्या बारीक माशीपासून वसंतातल्या फुगलेल्या नदीतल्या मोठ्या गळापर्यंत सगळ्यांची सोय होते. आता पावसाळ्याचं. विणीचा काळ सरत आला की नर ही पिसं झाडतो आणि काही महिने साध्या, निस्तेज पिसांवर काढतो. वाचकांना दिसला तो बिनठिपक्यांचा कोंबडा पिसं झडलेला नर असणार. त्यांची नजर पक्की आहे.

माशीवर हे पीस दोन्ही बाजूंना, पंखाला चिकटून बसतं. बांधणाऱ्यांच्या भाषेत ते 'साइड'. त्याच्या बुडावर निळ्या 'चॅटरर'चं इवलंसं पीस येतं, तो 'चीक'. हा दक्षिण अमेरिकेतला पक्षी मिळेनासा झाल्यावर लोकांनी तिथे खंड्याचं पीस लावलं. जॉर्ज केल्सनच्या सामनच्या माश्यांवरील १८९५ च्या ग्रंथातल्या कृती चाळल्या तर रानकोंबडा पुन्हा पुन्हा भेटतो. 'थंडर अँड लाइटनिंग'वर तो आहे, सी-ट्राउटसाठी वापरल्या जाणाऱ्या सोनेरी अंगाच्या 'डंकेल्ड'वरही आहे.

हा ठिपका म्हणजे छोट्या माशाचा डोळा, तो पाहून मोठा मासा झडप घालतो, असं बहुतेक जण सांगतात. मला ते पुरेसं वाटत नाही. सामन समुद्रातून नदीत आला की खाणं सोडतो. त्याला भक्ष्याचा डोळा दाखवून काय साधणार? डी नदीवर केर्नटनला मासेमारी करणाऱ्या आर्थर वूड यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माशीवरची पिसं कमी कमी करत नेली आणि अखेर गळाच्या नुसत्या दांडीला रंग देऊनही सामन धरले. तरीही हे पीस मी सोडणार नाही. पाण्यात गेल्यावर बाकीची पिसं भिजतात, चिकटतात, काळवंडतात. ही पट्टी भिजत नाही. पुरानंतरच्या गढूळ पाण्यात माशीवर लखलखीत राहणारी एवढीच जागा उरते, आणि माझा भरवसा तिच्यावर आहे. नितळ, उथळ पाण्यात तिची गरज नाही, हे वूड यांचं म्हणणं मला पटतं.

या लखलखाटापायी आपल्या पक्ष्याला फार सोसावं लागलं. १९०२ मध्ये हिंदुस्थानातून रानपक्ष्यांच्या पिसांची निर्यात सरकारने बंद केली, तेव्हा लंडनच्या टोप्यांसाठी पक्षी मारले जात होते. मासेमारांची मागणी त्यानंतरही थांबली नाही. अमेरिकेच्या जकातनियमांत तर माश्या बांधण्यासाठी वर्षाला ५,००० पर्यंत रानकोंबड्यांची कातडी आणण्याची सवलत लिहून ठेवलेली आहे. ५,००० कातडी म्हणजे ५,००० नर. आकडा वाचून माझ्या पोटात गोळा आला होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडून हा व्यवहार उघडपणे शक्य राहिला नाही. आज युरोपातले बांधणारे तिकडेच पिंजऱ्यात वाढवलेल्या पक्ष्यांची पिसं वापरतात. ती महाग असतात, आणि असावीत. प्लॅस्टिकचे छापील ठिपकेही मिळतात. माशाला ते चालतात, मला चालत नाहीत. आपल्या वाचकांना एवढंच सांगणं, रानात झडलेलं पीस सापडलं तरी तिथेच राहू द्या.

पीस बसवताना दोन गोष्टी सांभाळा. पट्टी उभी चिरलेली असेल तर फेकू नका. वॉर्निशचा थेंब लावून चिमटीतून हलकेच ओढा, चीर मिटते. आणि दोरा कडक पट्टीवर कधीच आवळू नका, पीस फिरतं आणि ठिपका आभाळाकडे तोंड करतो. बुडाचे तंतू काढा, दांडा चिमट्याने चपटा करा आणि त्यावर तीन वेढे द्या. दोन्ही बाजूंचे ठिपके एकाच रेषेत आले पाहिजेत. हे जमेपर्यंत माझी कितीतरी पिसं वाया गेली.

पुढच्या आठवड्यात पंख, पांढऱ्या टोकाच्या काळ्या टर्कीपासून सुरुवात. नदीत न खाणारा सामन मुळात गळ का धरतो, हा आज ओझरता आलेला प्रश्न त्यानंतर घेऊ.